मुंबईची चित्रप्रदर्शने पाहायला निघालेल्या विद्यार्थिनीस

जळगाव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सुट्टीत दोन दिवस मुंबईला जाऊन सध्या चालू असलेली प्रदर्शने पाहायची आहेत, त्यांतली कोणती चुकवू नयेत ते कळवावे, असे तू लिहिले आहेस. जहांगीरसारख्या दालनात प्रदर्शन आठवडाभरच असते. आज मी नावे कळवली, तर तू पोहोचेपर्यंत त्या भिंतींवर दुसऱ्या कुणाची चित्रे लागलेली असतील. म्हणून कोणत्या दालनांत जावे आणि तिथे कसे पाहावे, एवढेच लिहितो.

सोमवारी जाऊ नकोस. त्या दिवशी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असते आणि जहांगीरचा आठवडाही सोमवारीच संपतो. बुधवार-गुरुवार धर. रात्रीच्या गाडीने निघालीस की सकाळी सीएसएमटीला उतरशील. तिथून काळा घोडा चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, आणि तुला हवे ते बहुतेक सगळे त्याच परिसरात आहे.

जहांगीर कलादालन 1952 सालचे. तिथे प्रवेश विनामूल्य आहे. एकाच वेळी अनेक चित्रकारांची प्रदर्शने चालू असतात आणि सगळीच चांगली असतात असे नाही. प्रत्येक दालनातून आधी एक फेरी मार, मग ज्या एका दालनाने पाय ओढले तिथेच परत जा. चित्रकार बहुधा स्वतः हजर असतो. इथे भिंत मिळवण्यासाठी अनेकांना काही वर्षे वाट पाहावी लागलेली असते, त्यामुळे मनापासून विचारणारे कुणी आले की तो आनंदाने बोलतो. ‘या चित्राचा अर्थ काय’ असे मात्र विचारू नकोस. पहिला हात कोणत्या रंगाचा दिला, कॅनव्हास कसा तयार केला, चित्र कुठे अडले होते, हे विचार. दारातून बाहेर पडल्यावर पदपथावर चित्रे मांडून बसलेले चित्रकार दिसतील, त्यांच्यापुढेही थांब.

शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तिकीट काढावे लागते, पण तिथले जहांगीर निकल्सन दालन पाहिल्याशिवाय परतू नकोस. निकल्सन हे कापसाच्या व्यापारातल्या पारशी घराण्यातले गृहस्थ. त्यांनी 1968 पासून एकेक करून जमवलेल्या आधुनिक भारतीय चित्रांतून इथे आलटून पालटून प्रदर्शने मांडली जातात. कापूस पिकवणाऱ्या मुलखातून आलेल्या मला ही गोष्ट नेहमीच जवळची वाटत आली आहे. अमूर्त चित्रे काढणाऱ्या वासुदेव गायतोंडे यांचे चित्र त्या वेळी भिंतीवर असेल, तर बाकीचे सोडून त्याच्यापुढे पंधरा मिनिटे उभी राहा. छापील पानावर मला ते सपाट करड्या रंगाचे वाटले होते. प्रत्यक्षात जवळ गेल्यावर रुळाने आणि पट्टीसुरीने चढवलेले, मधेच खरवडून काढलेले थर दिसले. एका कडेला खालचा रंग नखाएवढ्या जागेतून डोकावत होता, आणि दोन पावले मागे सरताच तोच ठिपका उजेडासारखा पसरला. मोबाईलवर हे कधीच दिसणार नाही. मुंबईला जायचे ते याचसाठी.

अस्सल चित्राचे मोल आपल्या भागातल्या माणसाने तर जाणायलाच हवे. अजिंठा आपल्याला हाताशी आहे. तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने उमेदीची वर्षे घालवली आणि 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच पुढे लंडनमध्येच लागलेल्या दुसऱ्या एका आगीत गेल्या. लेण्यांतली चित्रे, झिजलेली का होईना, आजही जागेवर आहेत.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय दुसऱ्या दिवसासाठी ठेव. जुन्या कावसजी जहांगीर सभागृहात 1996 साली ते सुरू झाले. मजले अर्धगोलाकार असल्यामुळे वरून वाकून पाहिले की मघाशी जवळून पाहिलेले मोठे चित्र खाली पूर्ण दिसते. हा लाभ अवश्य घे. फोर्ट आणि कुलाब्यातल्या खासगी दालनांची दारे बंद दिसतात, म्हणून आपल्याकडची मुले बाहेरूनच परततात. घंटी वाजव आणि आत जा. पाहण्याचे पैसे नसतात, आणि विकत घेणार का असे कुणी विचारत नाही. 1963 साली जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर सुरू झालेली केमोल्ड गॅलरी आता फोर्टमध्ये आहे, तिथून सुरुवात कर.

पहिल्या खेपेला मी एका दिवसात सात प्रदर्शने पाहिली आणि परतीच्या गाडीत एकही चित्र डोळ्यांपुढे आणता येईना. तू दिवसाला तीनच्या पुढे जाऊ नकोस. फोटो काढू नकोस. संध्याकाळी, कुठेतरी बसून, दिवसातले एक चित्र आठवून वहीत काढ आणि जिथे आठवत नाही ती जागा कोरी सोड. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चित्रापुढे जाऊन तेवढीच जागा नीट पाहा.

परतल्यावर रविवारी सकाळी वही घेऊन घरी ये. कोऱ्या सोडलेल्या जागा मला आधी पाहायच्या आहेत.

तुझे,
सर