निकाल तिचा, स्टेटस तुमचं

‘लेकीला दहावीला ६४ टक्के पडले. मधे दोन महिने कावीळ होती, तरी तिनं नेटानं परीक्षा दिली. आनंदाच्या भरात मी ऑनलाइन निकालाचा फोटो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, “काविळीतून उठून करून दाखवलं!” दीरांनी तो भावकीच्या ग्रुपवर टाकला. तिथं कुणीतरी विचारलं, “गणितात ३८च?” तीन आठवडे झाले, लेक माझ्याशी कामापुरतंच बोलते. आगाऊपणा दीरांनी केला, मग राग माझ्यावर का? मी कौतुकच केलं ना?’
– एक आई, सातारा

ताई,

कौतुकच केलंत, शंका नाही. पण दीरांच्या हाती फोटो लागला तो तुमच्या फोनवरून. स्टेटस चोवीस तासांत जातं म्हणून आपण निर्धास्त असतो. स्क्रीनशॉट काढायला दोन सेकंद पुरतात. आणि तुमचं स्टेटस कोण कोण बघतं, आठवा जरा. दूधवाला, क्लासचे सर, तिच्या मैत्रिणींच्या आया. भावकीपेक्षा तिला या आयांचीच धास्ती जास्त असणार.

बोर्डाचा निकाल बघताना सीट नंबरसोबत आईचं नाव टाकावं लागतं. नुसता नंबर माहीत असून शेजारणीला गुण दिसत नाहीत. कुलूप किरकोळ आहे, मान्य. पण त्याची किल्ली तुमच्या नावाची होती.

गणिताचे ३८ झोंबलेच असतील. तरी मला वाटतं, खरी कळ काविळीची आहे. गुण निदान शाळेत तरी कळतात, आजारपण घरातलं. ते कुणाला सांगायचं, की सांगायचंच नाही, हे तिनं ठरवायचं. (मी स्वतः एकदा धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनची बातमी ‘प्रार्थना करा’ म्हणून ग्रुपवर टाकली होती. ती शुद्धीवर येईपर्यंत तिच्या ऑफिसभर झालं होतं. अजून ऐकवते मला.)

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. घरगुती कारणासाठी कुणी माहिती वापरली, तर त्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे तिच्या वतीनं ‘हो’ म्हणणाऱ्या तुम्हीच, आणि तुम्हाला अडवणारंही कुणी नाही. राग तुमच्यावर आहे तो म्हणूनच.

ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांच्या फोनमधून पुसायची मुदत दोन-अडीच दिवसांची, ती कधीच संपली. ‘तो फोटो आता पुढे पाठवू नका’ एवढंच दीरांना सांगा, तेही लेकीला विचारून. नाहीतर भावकीला तिच्या नावानं चघळायला आणखी एक विषय. मग तुमचा फोन तिच्या हातात द्या. तिचे आजवर जिथे जिथे फोटो टाकलेत ते बघू दे तिला. नको म्हणेल ते काढून टाका, ‘यात काय एवढं?’ न म्हणता.

माफी मागताना ‘पण’ गिळा. ‘चुकलं माझं, तुला विचारायला हवं होतं,’ इथेच थांबा. ती लगेच विरघळेल असं नाही. एखादा आठवडा आणखी कामापुरतं बोलेल, बोलू दे.

आणि हे पत्र मला धाडण्याआधी तुम्ही तिला विचारलं नसेल असं धरून गाव, गुण आणि आजार मी बदलून छापलेत.