आजी येण्याआधी घरात ठरवायच्या गोष्टी

परदेशात राहणाऱ्या एका आईचं पत्र आलंय. पंधरा वर्षांच्या लेकीने मध्यंतरी घरात सांगितलं, की मी मुलगी नाही, मुलगा आहे. केस बारीक केले, स्वतःसाठी नवं नाव निवडलं आणि शाळेत त्याच नावाने हाक मारायला सुरुवातही झाली. आईवडील रागावले नाहीत, पण झोप उडाली आहे. आता सासूबाई पाच महिन्यांसाठी राहायला येतायत. आई विचारते : आजी परत जाईपर्यंत हे जरा थांबव, असं सांगू का? इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना काय सांगायचं? आणि हे इथल्या वातावरणाचं खूळ तर नसेल? आम्ही भारतातच राहिलो असतो, तर हे झालं असतं का?

ताई, तुमच्या मुलाने ही गोष्ट तुम्हाला तोंडाने सांगितली, चिठ्ठी ठेवून किंवा शाळेच्या समुपदेशकाकरवी नाही. त्याचा तुमच्यावर विश्वास आहे. तो टिकवायचा हे मनाशी धरूनच मी पुढचं सगळं लिहिते आहे. आणि त्याने सांगितलंय म्हणून मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे दोन त्यावरच उभे आहेत.

भारतात असता तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. पण अशी माणसं आपल्याकडे नव्हती आणि परदेशात आल्यावर दिसायला लागली, हे खरं नाही. शिखंडीची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. विराटाच्या दरबारातली बृहन्नडाही ऐकलेली असते. बालगंधर्व लुगडं नेसून उभे राहिले की प्रेक्षकांतल्या बायका त्यांची नेसण्याची पद्धत आणि दागिने घरी जाऊन उचलत. ते नट होते, त्यांची स्वतःची ओळख पुरुषाचीच होती, त्यामुळे त्यांची आणि तुमच्या मुलाची गोष्ट एक नाही. पण पुरुषाने बाईसारखं दिसावं आणि अख्ख्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घ्यावं, हे आपल्या आजीपणजीच्या काळात घडून गेलंय.

मात्र या स्वीकाराला कायम कुंपण होतं, आणि तुमच्या घरातला ताण नेमका त्या कुंपणाचा आहे. रंगमंचावर चालेल. तमाशात नाच्या चालेल. मूल झालं की दारात येऊन आशीर्वाद दिलेला चालेल, किंबहुना तो हवाच असतो. पण तीच व्यक्ती वर्गात शेजारी बसलेली, कचेरीत बरोबरीने काम करणारी, भाड्याने खोली मागणारी चालणार नाही. आणि आपल्या पोटी जन्मलेली तर नाहीच नाही. या कुंपणाला इंग्रज सरकारने कायद्याचं बळही दिलं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची स्वतंत्र नोंद ठेवण्याची तरतूद होती, आणि अशी नोंद झालेल्या माणसाने बाईच्या वेशात रस्त्यावर दिसणं हाच गुन्हा होता. आज ज्याला आपण सरसकट ‘आपले संस्कार’ म्हणतो, त्यातला काही भाग त्या पोलिसी नोंदवहीतून आलेला आहे.

त्याच समाजाने पुढे काय केलं, तेही पाहा. एप्रिल २०१४मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे नाल्साच्या खटल्यात सांगितलं, की आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. त्या लढ्यात मुंबईच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत होत्या. २०१७मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट मतदानाने सरपंच केलं. बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे आधी ललिता या नावाने नोकरीत होते. २०१८मध्ये त्यांची मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पोलीस दलाने त्यांना पुरुष शिपाई म्हणून नोकरीत ठेवलं. त्यांचं प्रकरण वैद्यकीयदृष्ट्या वेगळं होतं, तुमच्या मुलाशी त्याची तुलना करू नका. पण ती बातमी मराठी वृत्तपत्रांत खूप गाजली. तुमच्या सासूबाईंनी ती वाचली असेल, त्यावर शेजारणींशी बोलल्याही असतील. म्हणजे ज्या गोष्टीने त्यांना धक्का बसेल असं तुम्ही गृहीत धरलंय, ती त्यांना अगदीच अनोळखी असेल असं नाही.

आता ‘इथलं वातावरण’. इथे सगळं मोकळं आणि तिकडे सगळं मागासलेलं, असा आपला एक समज असतो, आणि मुलं तो आपल्यापेक्षा घट्ट धरून बसतात. भारताचा तो निकाल आला तेव्हा युरोपातल्या कित्येक देशांत कागदावर लिंग बदलायचं तर आधी वंध्यीकरण करून घ्या, अशी अट होती. स्वीडनने ती जेमतेम वर्षभर आधी, २०१३मध्ये काढली होती. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने फ्रान्सच्या प्रकरणात अशा अटीविरुद्ध निकाल दिला तो २०१७मध्ये. म्हणजे हे मोकळं वातावरणही कालपरवाचंच आहे, आणि ते एका जागी थांबलेलंही नाही. अमेरिकेत प्यू या संशोधन संस्थेने २०२२मध्ये लोकांना विचारलं, तेव्हा पारलिंगी, म्हणजे जन्माच्या वेळच्या लिंगापेक्षा वेगळी ओळख सांगणाऱ्या व्यक्तींना नोकरी, घर आणि सार्वजनिक जागी भेदभावापासून संरक्षण हवं, असं ६४ टक्के म्हणाले. २०२५मध्ये ते ५६ टक्क्यांवर आले. पारलिंगी खेळाडूंनी जन्माच्या वेळच्या लिंगानुसारच संघात खेळावं, असं म्हणणारे त्याच काळात ५८वरून ६६ टक्के झाले. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या लिंगबदलासाठीच्या उपचारांवर बंदी हवी म्हणणारे ४६वरून ५६.

हे आकडे मी दोन कारणांसाठी देते आहे. पहिलं, बेरीज करून पाहा : संरक्षण हवं आणि खेळात बंधनही हवं, असं एकाच वेळी म्हणणारी बरीच माणसं त्यात आहेत. तुमच्या मुलाला आनंदाने नव्या नावाने हाक मारणारे शेजारी शाळेच्या सभेत वेगळं मत देऊ शकतात. म्हणून ते दुष्ट ठरत नाहीत, आणि त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यावर पूर्ण विसंबूनही राहता येत नाही. दुसरं, तीन वर्षांत इतकं हलणाऱ्या लोकमतावर आपल्या मुलाशी कसं वागायचं ते ठरवलं, तर दर निवडणुकीला घरातले नियम बदलावे लागतील.

खूळ आहे का, या प्रश्नाचं सरळ उत्तर असं : आताच्या तरुण पिढीत स्वतःला पारलिंगी किंवा स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींबाहेरचं म्हणणाऱ्यांचं प्रमाण खूप जास्त आहे. प्यूच्याच २०२२च्या पाहणीत अमेरिकेतल्या तीस वर्षांखालच्या प्रौढांत ते ५.१ टक्के होतं, पन्नाशीपुढच्यांत ०.३ टक्के. बोलण्याची मोकळीक वाढली म्हणून, की सोबत्यांचा प्रभाव म्हणून, यावर जाणकारांत वाद आहे. काहींची ही जाणीव आयुष्यभर राहते, काहींची पुढे बदलते. तुमच्या मुलाचं काय होईल हे आज तुम्हाला माहीत नाही, त्यालाही नाही. पण आज त्याला त्याच्या नावाने हाक मारायला त्या उत्तराची गरज नाही. नाव, केस आणि कपडे यांतलं सगळं उद्या बदलता येतं. हा आजार मानायचा का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या नव्या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली, ते वर्गीकरण जानेवारी २०२२पासून लागू आहे.

नावाच्या बाबतीत एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या १५ ते २१ वयाच्या १२९ पारलिंगी तरुणांवरचा हा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. घर, शाळा, नोकरी, मित्रमंडळी यांपैकी जितक्या जास्त ठिकाणी निवडलेलं नाव वापरता येतं, तितकं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी, असं त्यात आढळलं. अभ्यास लहान आहे, त्याने सगळं सिद्ध होत नाही. तरी तुमच्या पहिल्या प्रश्नाला तो थेट भिडतो. ‘आजी जाईपर्यंत थांब’ म्हणजे शाळेत एक नाव आणि घरात पाच महिने दुसरं. त्यातलं घर नकाराचं ठिकाण ठरेल. तसं करू नका.

मग आजींना कसं सांगायचं? आधी मुलाला विचारा : आजीला सांगायचं का, किती सांगायचं, कुणी सांगायचं. तोच म्हणाला की आजीसमोर जुनं नाव चालेल, तर ते मान्य करा, मात्र तो निर्णय त्याचा असू दे, तुमच्या सोयीचा नको. तो सांगा म्हणाला, तर आजी विमानात बसायच्या आधी, फोनवर, त्यांच्या मुलाने म्हणजे तुमच्या नवऱ्याने सांगावं. सुनेने नाही. तुमच्या तोंडून ऐकलं तर विषय नातवंडाचा राहणार नाही, सासूसुनेचा होईल. नवऱ्याने लांबण लावू नये : “आई, तुझ्या नातीने आम्हाला सांगितलंय की ती स्वतःला मुलगा मानते. आम्ही आता त्याला या नावाने हाक मारतो. आम्हालाही नवीन आहे, पण तो पूर्वीपेक्षा बरा आहे, जेवतो, हसतो. तू आलीस की बोलताना तुझं चुकेल, त्याची काळजी करू नकोस. त्याला टोमणे मात्र मारू नकोस.” एवढं पुरे. त्या रडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. त्यांना तो वेळ मिळावा म्हणूनच आधी सांगायचं.

आपल्या भाषेत पळवाट नाही. इंग्रजीत नुसतं नाव बदलून बरंच भागतं. मराठीत ‘आलीस का’ की ‘आलास का’, हे जवळजवळ प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. आजी शंभर वेळा चुकतील. चुकल्या की कुणीतरी शांतपणे बरोबर रूप म्हणायचं आणि पुढे जायचं, त्यावर व्याख्यान नको. मुलालाही समजावा, की आजीची सवय आणि आजीचा नकार वेगळे. पण आजी मुद्दाम जुन्या नावाने चिडवायला लागल्या, तर नवऱ्याने त्याच क्षणी, मुलाच्या देखत थांबवावं. नंतर खोलीत जाऊन समजूत काढली, तर मुलाला आपली बाजू घेतली गेलेली दिसत नाही.

मंडळाचं फार मनावर घेऊ नका. तिथे खुलासा द्यायला तुम्ही बांधील नाही. मुलाची परवानगी असेल तर एका वाक्यात सांगा, “हो, आता तो या नावाने ओळखला जातो,” आणि विषय बदला. “लहान आहे, कळत नाही, आमच्या ओळखीचे एक बाबा आहेत” असं कुणी सुरू केलं तर उठून जा. एवढं मात्र करा : तुमच्या मंडळात मुलामुलींचे वेगळे नाच, वेगळे वेश असतील, तर आयोजकांशी आधी बोला, म्हणजे ऐनवेळी त्याला सगळ्यांसमोर रांग निवडावी लागणार नाही.

एका गोष्टीवर मी तडजोड करणार नाही. भारतात नेऊन कुणाकडून ‘बरं करून’ आणायचं, समुपदेशन, जप, लग्न, काहीही नाव देऊन, हा विचार घरात कुणी काढला तर तिथेच मोडा. भारतात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२मध्ये असे उपचार हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. कॅनडात तर अशा उपचारासाठी मुलाला देशाबाहेर नेणं हाच फौजदारी गुन्हा आहे. ज्याला मदत करायची तो डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ मुलाचं ऐकून घेतो, घाई करत नाही आणि मूल कुठल्या दिशेला जावं हे आधीच ठरवून बसत नाही.

औषधांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येईल. राहता तो देश तुम्ही लिहिलेला नाही, आणि फरक मोठे आहेत. ब्रिटनने वयात येणं लांबवणारी औषधं अठरा वर्षांखालच्यांना या कारणासाठी देण्यावर डिसेंबर २०२४मध्ये बेमुदत बंदी घातली. अमेरिकेत सुमारे निम्म्या राज्यांत अल्पवयीनांच्या अशा उपचारांवर बंदी आहे, आणि टेनेसी राज्याची बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५मध्ये कायम ठेवली. जर्मनीत नोव्हेंबर २०२४पासून कागदोपत्री नाव आणि लिंग बदलणं सोपं झालं, मात्र चौदा ते अठरा वयाच्या मुलांना पालकांची संमती लागते. कॅनडात सस्कॅचेवान प्रांताने २०२३मध्ये नियम केला, की सोळा वर्षांखालच्या मुलाचं नाव शाळेत बदलायचं तर पालकांनी होकार द्यायला हवा. तुमच्या शाळेचा नियम लेखी मागून घ्या. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात किंवा देशात बदली होणार असेल, तर घर शोधण्याआधी तिथला कायदा बघा.

आणि प्रवासाची कागदपत्रं. शाळेत नवं नाव चालतं म्हणून विमानाच्या तिकिटावर ते घालू नका, तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढा. पुढे नाव कायद्याने बदललंत, तर पासपोर्ट आणि (असेल तर) भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड, दोन्ही बदलून घेतल्याशिवाय भारतात जायची तारीख ठरवू नका. अमेरिकी पासपोर्ट असेल, तर २०२५पासून तिथल्या केंद्र सरकारचं धोरण जन्माच्या वेळचंच लिंग नोंदवण्याचं आहे, त्यामुळे चेहरा आणि कागद जुळत नाही म्हणून विमानतळावर प्रश्न येऊ शकतात. मुलाला ते आधीच सांगून ठेवा, आणि तपासणीच्या खिडकीपाशी त्याच्याबरोबर तुमच्यापैकी एकाने उभं राहा.