वजन उतरल्यावर भूक का वाढते?

आपण विचारले आहे की, पोहे-जिलेबी आणि रात्रीचा सराफा (इंदूरचा रात्री भरणारा खाऊबाजार) सोडून वजन उतरवल्यावर आता भूक पूर्वीपेक्षा अधिक का लागते. दोष इच्छाशक्तीचा नाही. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन; शोध १९९४) मेंदूतील हायपोथॅलॅमस या भूक सांभाळणाऱ्या भागाला चरबीचा साठा पुरेसा असल्याचे कळवते. चरबी घटली की तेही घटते, जठरातले भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, आणि शरीर विश्रांतीतही कमी ऊर्जा खर्चू लागते, म्हणून तेवढ्याच आहारावर वजन थबकते. ही स्थिती वर्षभरानंतरही टिकू शकते. अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते, त्यामुळे सराफ्यात काही न खाता नुसते जागणेही महागात पडते, हे आम्हा इंदूरकरांना पटणे कठीणच! सोबत थकवा असेल आणि थंडी सोसवत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.