नोकरी सांभाळून एमबीए : अर्जात काय लिहू?

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांचा, अंबरनाथच्या औषध कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. मुंबईत ३ वर्षांच्या अर्धवेळ मॅनेजमेंट अभ्यासक्रमाला अर्ज करायचाय. निबंधात काय लिहू?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : भाऊ, ‘नेतृत्वगुण’ हा शब्द आधी खोडा. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय, की बॅच अडकली तेव्हा रात्रपाळीच्या लोकांसोबत बसून नोंदवहीची पद्धत बदललीत. निबंध तिथूनच सुरू करा. काय अडलं, कोण विरोधात होतं, किती दिवस वाचले, सगळं आकड्यांसकट. माझ्या अर्जाचा पहिला मसुदा अगदी गुळगुळीत होता. मग गोदामातल्या साठ्याचा घोळ कसा निस्तरला ते लिहिलं, आणि मुलाखतभर त्यावरच बोलणं झालं.

अनुभवाचा दाखला आजच मागा. माझा एचआरकडे ३ आठवडे पडून होता. साहेबांनाही आत्ताच सांगा, कारण संध्याकाळच्या तासाला वेळेवर निघणं चोरून जमत नाही. अभ्यासक्रमाला एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. आणि एखाद्या दिवशी कामावरून थेट संस्थेपर्यंत जा, रात्रीच्या लोकलने कल्याणला परत या. त्याच रात्री घरच्यांशी बोला.