पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्याला सीलर लावावा का, आणि त्यावरच्या राखाडी रेघा कशा जातील?

सीलरचा (दगडाची छिद्रं बुजवणाऱ्या द्रावणाचा) डबा अजून उघडला नसेल तर परत करून टाका.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: नव्या ओट्याला सीलर मारायचा का, त्यावर उमटलेल्या राखाडी रेघा म्हणजे ओरखडे आहेत का, आणि फिल्टरच्या नळासाठी त्याला भोक पाडलं तर चालेल का. सीलर नको. रेघा बहुधा ओरखडे नाहीत. भोक पाडता येतं, पण तुम्ही स्वतः पाडू नका. आता जरा सविस्तर सांगतो, कारण असाच पांढरा ओटा माझ्याकडे नऊ वर्षं आहे आणि करू नये ते बरंचसं मी त्याच्यावर करून बसलोय.

सीलरचा सल्ला येतो तो ग्रॅनाइटच्या सवयीतून. ग्रॅनाइट खाणीतून निघालेला दगड, त्याला बारीक छिद्रं असतात, तेल-पाणी आत मुरतं, म्हणून त्याला सीलर लागतो. क्वार्ट्झची लादी मात्र कारखान्यात तयार होते. गारगोटीचा (क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच) चुरा आणि पॉलिएस्टर रेझिन (एक प्रकारचं प्लास्टिक) एकत्र कालवायचं, हवा काढून घेऊन कंपनं देत दाबायचं, मग भट्टीत पक्कं करायचं. वजनाने बघितलं तर 90 टक्के किंवा त्याहून जास्त गारगोटीच असते, म्हणून विकणारा छातीठोकपणे ‘दगड’ म्हणतो. पण रेझिन गारगोटीच्या निम्म्याहूनही हलकं. जागेचा हिशेब मांडला तर ओट्याचा जवळपास सहावा-पाचवा हिस्सा प्लास्टिकच निघतो. हे एकदा डोक्यात बसलं की काय चालेल आणि काय नाही ते पाठ करावं लागत नाही. आतली गारगोटी स्वतःची काळजी घेते, जपायचं असतं ते रेझिनला.

सीलरचंच बघा. त्याला मुरायला छिद्रं लागतात, ती इथे जवळजवळ नाहीतच. मग तो वरच बसून राहतो. मी पहिल्या वर्षी हौसेने लावला होता. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर प्रत्येक बोटाचा ठसा दिसायला लागला आणि फडकं फिरवलं की ते चिकटत चालायचं. तो थर काढण्यात दोन रविवार गेले. मेण, फरशीचं पॉलिश, ‘चमक आणणारे’ स्प्रे यांचीही तीच गत. (एक मात्र तपासून घ्या: तुमचा दगड क्वार्ट्झच आहे ना, क्वार्टझाइट नाही? नावं सारखी वाटतात, पण क्वार्टझाइट नैसर्गिक दगड आहे आणि त्याला सहसा सीलर लागतो. बिल काढून बघा.)

आता रेघा. रेघेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा. अडकलं नाही, तर तो भांड्याचा धातू आहे. खनिजांची कठीणता 1 ते 10 मध्ये सांगणाऱ्या मोहच्या मापावर गारगोटीची कठीणता 7, स्टीलच्या सुरीची साडेपाच-सहाच्या पुढे-मागे, अॅल्युमिनियम तर 3 च्याही खाली. त्यामुळे भांडं ओट्यावर सरकवलं की ओटा झिजत नाही, भांडं झिजतं. पेन्सिल कागदावर उमटते तसं. ऑक्झॅलिक आम्ल असलेलं मऊ क्रीम क्लीनर ओल्या स्पंजवर थोडंसं घ्या, अलगद फिरवा, मिनिटभरात पाण्याने धुऊन काढा. आधी मात्र एखाद्या दडलेल्या कोपऱ्यात करून बघा. तुमचा ओटा मॅट (चमक नसलेला) असेल तर या रेघा जास्त उमटतात आणि हट्टाने बसतात. तिथे जोर लावलात तर रेघ जाईल, पण घासलेली जागा चकचकीत होऊन कायमची वेगळी दिसेल.

तारेची घासणी आणि ती हिरवी खरखरीत घासणी ओट्यापासून लांब ठेवा. हिरव्या घासणीच्या खरखरीत थरात बहुतेक वेळा अॅल्युमिनियम ऑक्साइड असतं, कठीणता 9. तिच्यापुढे गारगोटीचंही चालत नाही. ‘जादूचा’ म्हणून विकला जाणारा पांढरा मेलामाइन स्पंजसुद्धा खरं म्हणजे फार बारीक सँडपेपरच आहे.

रोजच्यासाठी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, पाणी, मऊ फडकं, आणि शेवटी कोरडं पुसणं एवढं पुरतं. हे कोरडं पुसणं लोक टाळतात आणि मग ‘ओट्याची चमक गेली’ म्हणतात. चमक जागेवरच असते. नळाभोवती पाणी सुकून क्षाराचा थर चढलेला असतो. फडकं पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून पाच मिनिटं त्या थरावर ठेवा, मग धुवा. संगमरवरावर हे चुकूनही करू नका, पण गारगोटीला व्हिनेगरचं काही होत नाही.

डाग पडतात ते रेझिनवर. हळद ठेवलेला प्लास्टिकचा डबा पिवळा होतो, त्याच कारणाने पांढरा ओटाही होतो. सांडल्या सांडल्या पुसलं तर काही उरत नाही, रात्रभर राहिलं तर पिवळट झाक मागे राहते. मार्करची शाई आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघते. वाळून घट्ट झालेलं काही प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ओव्हन क्लीनर, ड्रेन उघडायची पावडर, ब्लीच आणि रंग काढायचं द्रावण ओट्यावर सांडू देऊ नका, ही सगळी रेझिनला खातात. गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते तर गारगोटीलाही सोडत नाही, आणि तुमच्या हातालाही.

उष्णतेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात जास्त ओटे तिच्यामुळेच खराब होतात. साधारण 150 अंश सेल्सियसच्या पुढे रेझिन बिघडायला लागतं. ओव्हनमधला ट्रे किंवा आचेवरचं कोरडं पॅन याच्या सहज वर असतं. त्यात रेझिन तापल्यावर गारगोटीपेक्षा जास्त फुगतं, म्हणून एकाच जागी अचानक उष्णता लागली की तडा जाऊ शकतो, विशेषतः सिंक आणि शेगडीसाठी कापलेल्या कोपऱ्यांपाशी. माझ्या ओट्यावर एक तपकिरी कडं आहे. फोन वाजला म्हणून मी ट्रे ‘एक मिनिट’ टेकवला होता. नंतर दोन कारागिरांना दाखवलं, दोघांनी मान हलवली. कारखान्यातलं पॉलिश घरी तसंच्या तसं येत नाही. तेवढी जागा घासली तर कड्याऐवजी मळकट ठिपका दिसेल. तिथे आता बरणी असते. तुम्ही लाकडी स्टँड शेगडीशेजारीच ठेवा, कपाटात असलेलं स्टँड वेळेवर कोणी काढत नाही. तासन्‌तास चालणारी विजेची उपकरणंही स्टँडवरच ठेवा.

खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर पांढरं रेझिन वर्षांनुवर्षांत पिवळट पडतं. पडदा लावा. कडेचा टवका उडाला तर तुकडा सांभाळून ठेवा. जुळत्या रंगाच्या इपॉक्सीने तो बऱ्यापैकी भरता येतो.

राहिलं भोक. बसवलेल्या ओट्यापासून कुणाला धोका नाही, पण तो कापताना किंवा त्याला भोक पाडताना उडणारी बारीक सिलिकाची (म्हणजे गारगोटीचीच) धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यात बरं होणं नाही. कारागिरांना हा आजार इतका होऊ लागला की ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा लाद्या बनवण्या-विकण्यावर आणि बसवण्यावर बंदीच घातली. म्हणून डायमंड कोअर बिट (हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट) वापरणारा, सतत पाणी सोडत भोक पाडणारा माणूस बोलवा. तो कोरडं ड्रिल घेऊन आला तर परत पाठवा. जागा सिंकच्या कापापासून आणि कडेपासून थोडी लांब घ्यायला सांगा, नाहीतर मधली पट्टी तडकते. आणि भोक झाल्यावर जो पांढरा गाळ उरेल तो ओला असतानाच फडक्याने उचलून घ्या. वाळू देऊन मग झाडलात तर तीच धूळ घरभर होईल.