पाणबुडी किती खोल जाते आणि तिथेच का थांबते?

प्रश्न : आधुनिक लष्करी पाणबुड्या नेमक्या किती खोल जाऊ शकतात? कुठे २५० मीटर, कुठे ४००, तर कुठे थेट १,००० मीटर असे आकडे वाचायला मिळतात. त्यांतला खरा कोणता?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण वाचलेले तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण प्रत्येक पाणबुडीला खोलीच्या एकाहून अधिक मर्यादा असतात. बांधणीनंतरच्या सागरी चाचण्यांत पाणबुडी जिथवर प्रत्यक्ष नेऊन पाहिली जाते आणि शांततेच्या काळात जिच्याखाली जाण्याची मुभा कप्तानाला नसते, ती ‘टेस्ट डेप्थ’. तिच्याही पुष्कळ खाली, पाण्याच्या दाबाने कवच चिरडले जाईल अशी ‘क्रश डेप्थ’ असते. अमेरिकी नौदलात टेस्ट डेप्थ ही आराखड्यातील अंतिम मर्यादेच्या दोन-तृतीयांश, तर जर्मन पद्धतीत निम्मी धरण्याची रीत आहे. साहजिकच कोणी वरची मर्यादा सांगतो, कोणी खालची, आणि वाचकाचा गोंधळ उडतो.

नौदलेही आपले नेमके आकडे उघड करत नाहीत. अमेरिकी नौदल आपल्या व्हर्जिनिया वर्गाच्या अणुपाणबुड्यांबद्दल ‘८०० फुटांहून अधिक’, म्हणजे सुमारे २४४ मीटरहून अधिक, एवढेच सांगते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांसाठी ३०० मीटरहून अधिक असा आकडा प्रसिद्ध आहे. या गुप्ततेला सबळ कारण आहे : पाणबुडी कुठवर जाऊ शकते हे शत्रूला कळले, तर पाणतीर कोणत्या खोलीसाठी बनवायचे हेही त्याला कळते.

१,००० मीटरचा आकडा मात्र एकाच पाणबुडीचा आहे. टायटॅनियमच्या कवचाची ‘कोम्सोमोलेत्स’ ही सोव्हिएत पाणबुडी १९८४ च्या ऑगस्टमध्ये १,०२० मीटरपर्यंत जाऊन सुखरूप वर आली. पाच वर्षांनी, ७ एप्रिल १९८९ रोजी, नॉर्वेजियन समुद्रात तिच्यात आग लागली आणि ती बुडाली. तिच्यावरील ६९ जणांपैकी ४२ जण दगावले. ज्या दाबासाठी ते असामान्य कवच घडवले होते, त्याचा या अपघाताशी संबंध नव्हता, हे मला आजही अस्वस्थ करते.

प्रश्न : महासागर ११ किलोमीटर खोल आहे आणि माणूस १९६० मध्येच त्याच्या तळाशी पोहोचला. मग अब्जावधी रुपयांची युद्धपाणबुडी ३००-४०० मीटरवरच का थांबते?
(एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : आधी दाब म्हणजे काय, ते पाहू. समुद्रात दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलोने वाढतो, त्यामुळे ३०० मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३० किलो भार येतो. माणूस जेमतेम आतबाहेर करू शकेल अशा ६५ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर तिथे सुमारे १०० टनांचा, म्हणजे माल भरलेल्या पाच-सहा ट्रकांचा भार असतो. या दाबाखाली पोलादी कवच खरोखरच आकसते. पाण्याच्या पृष्ठभागावर असताना कवचाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ताठ बांधलेल्या दोरीला पाणबुडी खोल गेल्यावर मधोमध झोळ पडतो. नव्या खलाशांना ही दोरी दाखवण्याची रीत पाणबुड्यांमध्ये जुनी आहे.

१९६० मध्ये तळ गाठणाऱ्या ‘त्रिएस्ते’ यानात माणसांची जागा होती ती जेमतेम दोन मीटर व्यासाच्या पोलादी गोलात, आणि त्याची भिंत सुमारे १३ सेंटिमीटर जाड होती. तो गोल इतका जड होता, की त्याला परत वर आणण्यासाठी पेट्रोलने भरलेला अजस्र तरंगता पिंप वर जोडावा लागला होता. दाब सर्वांत चांगला पेलतो तो गोल, पण गोलात दोन-तीन माणसेच मावतात. भारताच्या ‘समुद्रयान’ मोहिमेसाठी घडवल्या जाणाऱ्या ‘मत्स्य ६०००’ मध्येही तिघांसाठी टायटॅनियमचा असाच गोल आहे. युद्धपाणबुडीला मात्र पाणतीर, बॅटऱ्या, इंजिने आणि कित्येक आठवड्यांच्या शिध्यासह चाळीस ते दीडशे माणसे न्यायची असतात, म्हणून तिला लांब नळकांड्याचा आकार घ्यावा लागतो. नळकांडे दाबाने चेपते, आणि त्याच्या गोलाईत थोडी जरी कसर राहिली तरी ते आराखड्यापेक्षा वरच चेपते. कवच जाड करावे तर वजन वाढते, आणि ते वजन शस्त्रांच्या व इंधनाच्या वाट्यातून कापावे लागते. टायटॅनियम पोलादापेक्षा बरेच हलके असले, तरी ते महाग आहे आणि त्याचे वेल्डिंग हवेपासून जपत आर्गॉन वायूच्या आवरणात करावे लागते.

शिवाय कवचापेक्षाही अधिक काळजी असते ती कवचाला पाडलेल्या छिद्रांची. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी नळांतून आत घ्यावेच लागते, आणि त्या नळांतही बाहेरचाच दाब असतो. ३०० मीटरवर पाच सेंटिमीटर व्यासाचा एक नळ तुटला, तर ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगाने घुसणारे पाणी मिनिटाला पाच टनांहून अधिक भरते. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ पाणबुडी खोलीच्या चाचणीत १२९ जणांसह बुडाली, तेव्हा चौकशीतून असाच संशय पुढे आला : इंजिन विभागातील नळाचा सांधा निकामी झाला असावा आणि त्यापाठोपाठ अणुभट्टी बंद पडली असावी. टाक्यांतील पाणी बाहेर ढकलून वर येण्यासाठी सोडलेल्या हवेतील बाष्प गोठून हवेच्या नळांतील जाळ्या तुंबल्या असाव्यात, हेही नंतरच्या प्रयोगांतून दिसले. त्यानंतर अमेरिकेने ‘सबसेफ’ नावाची काटेकोर तपासणी सुरू केली. तिच्यातून प्रमाणित झालेली एकही पाणबुडी आजवर बुडालेली नाही.

टेस्ट डेप्थ आणि क्रश डेप्थ यांच्यामधले अंतर म्हणजे खलाशांच्या हाती उरणारा वेळ असतो. ताशी २० सागरी मैल वेगाने जाणाऱ्या पाणबुडीची दिशा देणारे पंख अडकले आणि ती २० अंशांनी खाली झुकली, तर १०० मीटर उतरायला तिला अर्धे मिनिटही लागत नाही. तेवढ्यात चूक ओळखायची, हुकूम द्यायचा आणि पाणबुडी सावरायची.

आणखी खोल जाण्याचा लष्करी लाभही पुढे कमी होत जातो. गरम व थंड पाण्याच्या थरांची जी सीमा वरच्या जहाजाच्या सोनारचा (आवाजाने पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेचा) आवाज वळवते, ती आपल्या समुद्रात बहुतेक वेळा पहिल्या शे-दीडशे मीटरांतच असते. दाबामुळे पाणबुडीला पुढे ढकलणाऱ्या पंख्याभोवती बुडबुडे कमी होतात आणि पाणबुडी अधिक वेगाने गेली तरी आवाज कमी होतो, हा फायदा मात्र खराच आहे. पण मुंबईतून निघालेल्या पाणबुडीला आधी खोल पाणी तर मिळायला हवे! मुंबई हायच्या परिसरात समुद्र ७५ मीटरांच्या आसपासच खोल आहे आणि कलवरीची लांबी ६७.५ मीटर आहे. तिथे ती उभी केली, तर नाकावर जेमतेम सात-आठ मीटर पाणी राहील.

प्रश्न : या मर्यादेखाली पाणबुडी गेली, तर आतील माणसांना वाचवता येते का?
(एक वाचक, पणजी)

उत्तर : कवच शाबूत असेल तरच. भारतीय नौदलाने २०१८ मध्ये मुंबईत दाखल केलेले खोल पाण्यातील बचावयान ६५० मीटरपर्यंत काम करू शकते. ते पाणबुडीच्या झाकणाला घट्ट चिकटते आणि माणसांना कोरडेच आत घेते. हा आकडा कमी वाटेल, पण त्याहून खोल जाईपर्यंत बहुतेक पाणबुड्यांचे कवच टिकतच नाही. अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ २०१७ मध्ये ४४ जणांसह बुडाली आणि वर्षभराने ९०० मीटरहून खोल पाण्यात सापडली. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नांग्गाला’ ५३ जणांसह बेपत्ता झाली, तेव्हा भारताने आपले बचावयान तातडीने रवाना केले होते. ते पोहोचण्याआधीच ती ८३८ मीटरवर, तीन तुकडे झालेल्या अवस्थेत आढळली.