पेट्रोलियम जिऑलॉजी आणि सोसायटीची मेंबरशिप: माझा अनुभव

तुझं एमएस्सी जिऑलॉजीचं दुसरं वर्ष चालू आहे, पेट्रोलियममध्ये जायचंय, सर म्हणतात प्रोफेशनल सोसायटीची स्टुडंट मेंबर हो, आणि तुला वाटतंय सीव्हीत एक ओळ वाढण्यापलीकडे त्याचा उपयोग काय. शिवाय तेलात भविष्य आहे का आणि मुलगी म्हणून रिगवर, म्हणजे विहीर खणायच्या जागेवर, निभेल का, हेही विचारलंयस. मी ३२ वर्षं या धंद्यात काढली, बहुतेक सगळी गुजरातमध्ये, मेहसाणा-अहमदाबाद-अंकलेश्वर पट्ट्यात, आणि त्यातली २६ वर्षं सोसायटीचं काम केलं. चॅप्टरचा, म्हणजे तिच्या स्थानिक शाखेचा, सेक्रेटरीही होतो. जरा लांबण लागणार आहे, पण वाच.

आधी माझी एक चूक सांगतो, कारण मी सोसायटीत खऱ्या अर्थाने शिरलो ते तिच्यामुळे. नोकरीचं तिसरं वर्ष, मेहसाण्याकडची विहीर, खोली १४०० मीटरच्या आसपास. कलोलची वाळू, म्हणजे तिथला तेल धरणारा थर, लागली की लगेच थांबायचं आणि कोअर, म्हणजे दगडाचा अखंड नळकांड्यासारखा तुकडा, घ्यायचा, असा प्रोग्रॅम. रात्री अडीचला अचानक बिट, म्हणजे खणणारं टोक, भराभर खाली जायला लागलं; याला ड्रिलिंग ब्रेक म्हणतात, थर बदलल्याची खूण. मी ड्रिलिंग थांबवायला सांगितलं आणि सर्क्युलेशन, म्हणजे पाइपमधून खाली जाऊन भोकातून वर येणाऱ्या मडचं (चिखलासारख्या द्रवाचं) फिरणं, चालू ठेवलं. तुला माहीत असेल, खाली फोडलेल्या दगडाचा चुरा मडबरोबर वर यायला वेळ लागतो, त्याला लॅग म्हणतात, आणि माझ्या हिशोबाने तो होता २५ मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला शेल शेकरवरून, म्हणजे मडमधला चुरा वेगळा करणाऱ्या हलत्या जाळीवरून, सॅम्पल घेतलं, चाळणीत धुतलं, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर नुसती राखाडी शेल, म्हणजे चिखलाचा दगड, आणि थोडा कोळसा. अजून पाच मिनिटं थांबलो, तेच. म्हटलं वाळू नाही, चालू करा. आणि ड्रिलिंग पुन्हा सुरू झाल्यावर दहाएक मिनिटांत शेकरवर स्वच्छ, पांढरट, बारीक वाळू यायला लागली, यूव्ही बॉक्समध्ये धरली तर सोनेरी पिवळी चमकत होती, म्हणजे तेल होतं. तोपर्यंत सहा मीटर वाळू कापून झाली होती. ज्या दगडाचा कोअर हवा होता तो चुरा होऊन माझ्या ट्रेमध्ये पडला होता.

झालं असं की वरचा शेल आणि कोळसा ढासळून भोक बिटपेक्षा बरंच रुंद झालेलं, त्यामुळे मड जास्त मावत होतं आणि चुरा उशिरा वर येत होता. मी लॅग काढला होता बिटच्या मापावरून, कागदावर. साहेबांनी रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली आणि विषय संपला. कसं टाळायचं ते कुणी सांगितलं नाही.

वर्षभराने बडोद्याला चॅप्टरच्या बैठकीत तरुणांनी बोलायचं होतं. मी विहिरीचं नाव, खोली, काहीही न सांगता फक्त ही चूक मांडली, घशाला कोरड पडली होती. संपल्यावर दुसऱ्या कंपनीतले एक वयस्कर मराठी गृहस्थ चहाचा कप घेऊन आले आणि म्हणाले, अरे, मूठभर तांदूळ टाकायचे. नवा पाइप जोडताना आत तांदूळ टाक, पंप सुरू झाल्यापासून शेकरवर दाणे दिसेपर्यंतची मिनिटं मोज, पाइपमधून खाली जायचा वेळ वजा कर, तो तुझा खरा लॅग. नाहीतर कार्बाइडची पुडी टाक, आंबे पिकवायला वापरायचे तेच, त्याचा ॲसिटिलीन गॅस होतो आणि वर डिटेक्टरवर टोक दिसतं. त्यानंतर उरलेल्या सगळ्या नोकरीत मी अंदाजाच्या लॅगवर कधीच कोअर पॉइंट ठरवला नाही.

माझ्या मते मेंबरशिप घ्यायची ती यासाठी. कंपनीचा डेटा गुप्त असतो आणि असायलाच हवा, पण पद्धत आणि चुका गुप्त ठेवून कुणाचंच भलं होत नाही, आणि त्या बोलायला कंपनीबाहेरची जागा लागते. हे नवीन नाहीये. अमेरिकेतली असोसिएशन ऑफ पेट्रोलियम जिऑलॉजिस्ट्स, जिला सगळे एएपीजी म्हणतात, १९१७ साली ओक्लाहोमातल्या टल्सात सुरू झाली. १९२१ मध्ये एस्थर ॲप्लिन यांनी एका वेगळ्याच सभेत मांडलं की फोरॅमिनिफेरा, म्हणजे वाळूच्या कणाएवढ्या जीवांची कवचं वापरून तेलविहिरीतल्या थरांचं वय ओळखता येईल, आणि एका प्राध्यापकाने तिथल्या तिथे ते उडवून लावलं. पण मोठे शिंपले बिटखाली फुटतात आणि ही बारीक कवचं शाबूत वर येतात, साधी गोष्ट आहे. ह्यूस्टनमध्ये ॲप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग नायकर या तिघी वेगवेगळ्या, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांत काम करत होत्या, तरी १९२५ मध्ये एएपीजीच्या बुलेटिनमध्ये टेक्सास-लुईझियानाच्या किनारपट्टीच्या खालच्या थरांवरचा पेपर तिघींनी मिळून लिहिला. पुढे तेल कंपन्यांत मायक्रोपॅलिऑन्टॉलॉजीच्या, म्हणजे अशा बारीक जीवाश्मांच्या अभ्यासाच्या, लॅब सर्रास झाल्या. मला हा पेपर फार जवळचा वाटतो.

आता तू काय करायचं. मेंबर हो, पण नुसती सर्टिफिकेटं गोळा करू नकोस. एएपीजीची इंपीरियल बॅरल अवॉर्ड स्पर्धा आहे, पाच विद्यार्थ्यांची टीम, जमिनीखालच्या खऱ्या गाळाच्या खोऱ्याचा डेटा, साधारण आठ आठवडे, आणि शेवटी २५ मिनिटांत इंडस्ट्रीतल्या लोकांसमोर सांगायचं की विहीर कुठे खणायची आणि का. हरलीस तरी प्रॉस्पेक्ट (तेल मिळेल असं वाटणारी जागा) म्हणजे काय ते कळेल, जे आपल्या सिलॅबसमध्ये नीट येत नाही. लेक्चर झालं की एक तरी प्रश्न विचार, लोक प्रश्न विचारणाऱ्यालाच लक्षात ठेवतात.

भविष्याचं म्हणशील तर हा धंदा वर-खाली होतो, ते धरूनच ये. २०१४ च्या मध्याला तेल १०० डॉलरच्या वर होतं आणि २०१६ च्या जानेवारीत ३० च्या खाली, त्या काळात माझ्या ओळखीच्या चांगल्या चांगल्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढचं काम जाहिरातीतून नाही तर चॅप्टरमधल्या ओळखीतून मिळालं. विद्या मात्र वाया जात नाही. आइसलँडमध्ये २०१२ पासून कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडात, सोडतात आणि तो तिथे खनिज होऊन बसतो, आणि आपल्या पायाखाली तर दख्खनचा सगळा बेसॉल्टच आहे. किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट, खाली फक्त ८ मीटर गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटी खडक लागला. असं जमिनीखालचं वाचायला लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेली मोजमापं) आणि कटिंग्ज (वर आलेला चुरा) कळणारा माणूसच लागणार.

रिगवर मुली आता नाइट शिफ्ट करतात, एएपीजीला पहिली महिला प्रेसिडेंट रॉबी ग्रीस २००१ मध्ये मिळाली. इंटरव्ह्यूत वेगळी बंक आणि बाथरूम आहे का ते सरळ विचार, लाजायचं काही कारण नाही. आणि चॅप्टरसाठी पोस्टर केलंस की मला मेसेज कर, आधी बघून देतो.